देव घरचे, आम्ही पाव्हणे

परदेशात पाऊल ठेवलं की आपण आपोआप ‘फॉरेनर’ होतो, असं आपल्याकडे सगळेच धरून चालतात. बँकॉकमध्ये ती जागा आधीच भरलेली असते. गोरा माणूस, मग तो जर्मन असो, ऑस्ट्रेलियन असो नाहीतर कॅनडाचा, तो फरांग. आपल्या फिरंग्याचाच सख्खा भाऊ. चिनी, जपानी, कोरियन यांना ज्याची त्याची नावं आहेत. उरलेला सगळा मुलूख, म्हणजे भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी, अरब आणि मलायी मुसलमान, एका पोत्यात: खॅक. अर्थ पाहुणा. अर्थ ऐकून छाती फुगते आणि वापर ऐकला की ती आपोआप पूर्ववत होते.

वापराचा पहिला धडा मला आमच्या सोईच्या, म्हणजे गल्लीच्या, तोंडाशी खाण्याची गाडी लावणाऱ्या बाईंनी दिला. त्यांना सगळी गल्ली ‘पा’ म्हणते. आपण मावशी म्हणू. मावशींनी कढईतला भात परतता परतता मला थाई म्हण शिकवली: साप आणि खॅक एकदम समोर आले, तर आधी खॅकला झोडपावं. माझा चेहरा बघून त्यांनी भातावर एक जास्तीचं अंडं फोडलं आणि म्हणाल्या, “तू नाहीस रे त्यातला.” हे वाक्य मी पुण्यात, मुंबईत, नागपुरात इतक्या लोकांच्या तोंडून इतक्या लोकांबद्दल ऐकलंय, की मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

म्हण आकाशातून पडलेली नाही. बँकॉकच्या फाहुरतमध्ये शीख कापडवाले पिढ्यानपिढ्या दुकानं मांडून बसलेत. पूर्वी गोरखपूरकडचे लोक रखवालदार म्हणून यायचे, कुणी दूध विकायचं, कुणी शेंगदाणे, कुणी मच्छरदाण्या. मच्छरदाणी हप्त्यानं मिळायची. मच्छरदाणीवाला हळूहळू थेट पैसेच हप्त्यानं देऊ लागला आणि आता तो रोज संध्याकाळी मोटरसायकलवरून व्याज गोळा करत बाजारातून फिरतो. ज्याचं देणं लागतो त्याच्याबद्दल चांगल्या म्हणी करणारा समाज अजून जन्माला यायचाय. थाई टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात भारतीय आला की तो फेटेवाला दाढीवाला असतो, दर वाक्याची सुरुवात ‘ई नी’नं करतो आणि समोरच्याला लाडात ‘नाय चा’ म्हणतो. मावशी खुशीत असल्या की मलाही ‘नाय चा’ म्हणतात. चिडल्या की ‘खुन’ म्हणतात, म्हणजे ‘आपण’. मी खुशीतलाच पत्करतो.

फरांग मात्र इथला वरपक्ष आहे. तो घामानं निथळत उघडाबंब बाजारात फिरला, चपलेसकट पाय दुसऱ्याच्या तोंडासमोर पसरून बसला, देवळात बर्म्युडा घालून शिरला, तरी लोक हसून चालवून घेतात. जे काय बोलायचं ते मांडव सुटल्यावर. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेचे हवाई तळ इथे होते, सैनिक रजा घालवायला पट्टायाला यायचे, आणि कोळ्यांच्या त्या गावाचं जे व्हायचं ते झालं. तेव्हापासून फरांग म्हणजे पैसा, हे समीकरण पक्कं आहे. ईशान्येकडच्या इसानमध्ये फरांग जावई मिळालेल्या घरांची तर वेगळीच ऐट: भातशेतात अचानक खांबांचा दुमजली बंगला उगवतो आणि त्याच्या ओसरीत एक थोराड नॉर्वेजियन माणूस सासूबाईंच्या कोंबड्या मोजत बसलेला असतो. त्याला भाषा येत नाही हे सासरी गुणात धरलं जातं.

पण पैसा नसलेला फरांग? पाठीवर भलीमोठी पिशवी, वीस बाथसाठी टुकटुकवाल्याशी अर्धा तास हुज्जत? त्याच्यासाठी खास पदवी आहे, ‘फरांग खी नोक’: पक्ष्याच्या शिटेतला फरांग. आणि वरपक्षाचाही पाणउतारा कधीतरी होतोच. २०२०च्या फेब्रुवारीत तेव्हाचे आरोग्यमंत्री अनुतिन चान्वीराकून मेट्रोच्या स्टेशनवर फुकट मास्क वाटत होते. काही गोऱ्यांनी ते घेतले नाहीत. मंत्री कॅमेऱ्यांसमोरच कडाडले, की या फरांगांना देशातून हाकलून द्या. नंतर माफी मागितली म्हणा. पण त्या दिवशी मावशींच्या गाडीवर जो आनंद होता, तो मी एखाद्या सणालाही पाहिला नाही.

चिन्यांची गोष्ट सगळ्यांत मजेची आहे, कारण बँकॉकमध्ये चिनी कुठे संपतो आणि थाई कुठे सुरू होतो हे खुद्द बँकॉकलाही सांगता येणार नाही. राजा वजिरावुध, म्हणजे सहावा राम, यानं १९१४ साली टोपणनावानं एक पुस्तिका लिहून चिन्यांना पूर्वेकडचे ज्यू ठरवलं होतं: पैसा खातात, मुळं धरत नाहीत. ती मुळं पुढे अशी धरली की आज अर्ध्या दुकानांच्या गल्ल्यावर त्यांचीच नातवंडं बसलेली आहेत. मावशींचे आजोबा स्वाटौहून बोटीनं आले होते. घरात चिनी नववर्षाला कागदी नोटा जाळतात. तरी गाडीसमोरून झेंडीमागे जाणारा चिनी सहलीचा जथा दिसला की मावशी नाक मुरडतात: “काय बाई आवाज यांचा!”

२०१२ साली ‘लॉस्ट इन थायलंड’ नावाचा चिनी सिनेमा चियांग माईत घडला आणि तिकडे तुफान चालला. पाठोपाठ सगळा चीन चियांग माईला लोटला. चियांग राईच्या पांढऱ्या देवळात तर २०१५ मध्ये स्वच्छतागृहांची अशी दशा झाली, की ते देऊळ उभारणारे चित्रकार चलेम्चाई कोसितपिपत यांनी बाकीच्या पाहुण्यांसाठी वेगळी बांधायचं जाहीर केलं. वर्षाला एक कोटीच्या वर चिनी येऊ लागले तेव्हा सगळे कपाळाला हात लावून बसले होते. २०२५ मध्ये ते येईनासे झाल्यावरही सगळे कपाळाला हात लावून बसले. हात तोच, कपाळही तेच.

जपान्यांबद्दल कुणी वावगा शब्द काढत नाही. जपानी गिऱ्हाईक हळू बोलतं, वाकतं, खुर्ची पुन्हा आत सरकवतं. १९७२ साली थाई विद्यार्थ्यांनी जपानी मालावर बहिष्कार घातला होता, हे सांगितलं तर मावशी टोयोटाकडे बोट दाखवून विचारतात, कुणी? कोरियन लोक मालिकांतून आले आणि दिवाणखान्यात बसले. पुढे कोरियाच्या विमानतळांवरून थाई पर्यटकांना परत पाठवायला लागले, तेव्हा २०२३ मध्ये ‘कोरियाला जाऊ नका’ची मोहीम जोरात निघाली. मोहिमेच्या पोस्टी टाकणाऱ्यांच्या तोंडाला क्रीम कोरियनच होतं.

ब्रह्मदेशाबद्दल हसायला जरा जड जातं. १७६७ साली बर्मी फौजेनं अयुथ्या जाळली, ती आग अजून शाळेच्या पुस्तकांत आणि सिनेमांत धुमसते आहे. मावशींच्या गाडीवर ताटं धुणारी मुलगी बर्मी आहे. मावशी दुपारी डुलकी काढतात तेव्हा पैशाचा डबा तिच्या ताब्यात असतो; भाचा आला तर डबा उचलून मांडीवर घेतात. पण एखादा बाऊल फुटला रे फुटला, की तिला अयुथ्येचा जाब विचारला जातो. मुलगी खाली मान घालून तुकडे गोळा करते. अडीचशे वर्षांपूर्वीच्या लुटीची भरपाई ती रोज दहा तास उभं राहून करते आहे, असा मावशींचा हिशेब असावा.

आता आमच्याकडे वळू. खॅकांचं थायलंडमध्ये जे काही होत असेल ते असो, आमच्या देवांचं मात्र उत्तम चाललंय. ब्रह्मदेवाला आपल्याकडे गाठायचं तर पुष्करला जावं लागतं; बँकॉकमध्ये तो राचप्रसोंगच्या ऐन चौकात, मॉलच्या गराड्यात, १९५६ पासून बसलाय. हॉटेल बांधताना विघ्नं येत होती म्हणून त्याला बसवला. नवस फेडायला लोक तिथे नर्तकींचा नाच करवून घेतात. पलीकडच्या त्रिमूर्तीपुढे गुरुवारी रात्री पोरंपोरी लाल गुलाब घेऊन लग्न जमावं म्हणून उभी असतात. गणपती तर सरकारी नोकरीत आहे: ललितकला खात्याचं बोधचिन्हच तो. चाचोंगसाओला एक गुलाबी गणपती तक्क्याला टेकून ऐसपैस पहुडलाय आणि त्याच्यापुढे वाराच्या रंगांचे उंदीर मांडलेत. आपला जन्मवार बघून उंदीर निवडायचा, त्याच्या एका कानात इच्छा सांगायची आणि दुसरा कान हातानं बंद करायचा. नाहीतर इच्छा गळून जाते.

मी मावशींना अभिमानानं म्हटलं, “हा आमच्याकडचा. आमच्या पुण्यात तर दहा दिवस...”

“माहितीये,” मावशी म्हणाल्या.

“म्हणजे तोही खॅकच की!”

मावशींनी झारा खाली ठेवला. “तो खॅक नाही. तो देव आहे.”

यावर काय बोलणार? बुद्धाचंही तेच. भारत म्हणजे जंबुद्वीप, बोधगया, पुण्यभूमी; तिथे एकदा जाऊन यावं आणि मग मरावं. त्या पुण्यभूमीतून आलेला माणूस शेजारच्या फ्लॅटमध्ये मोहरी तडतडवू लागला की मात्र व्यवस्थापकाकडे तक्रार जाते.

मधूनच आमचेही दिवस येतात. २०२२ मध्ये ‘गंगूबाई काठियावाडी’ नेटफ्लिक्सवर आला आणि थायलंड खुळावलं. नट्या, नट, बाजारातल्या भाजीवाल्या, सगळ्यांनी पांढरी साडी नेसून, कपाळाला टिकली लावून, डोळ्यांना काळा चष्मा चढवून फोटो काढले. मावशींनीही निऱ्या पुढे की मागे हे मला विचारून घेतलं. मग माझ्या बायकोला आपादमस्तक न्याहाळलं. ती जीन्समध्ये, हातात कोथिंबीर. “तू मुंबईची ना?” मावशींनी अतिशय निराश होऊन विचारलं.

नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसा लागेनासा झाला आणि २०२४ मध्ये वीस लाखांवर भारतीय येऊन गेले. मावशींचा भाचा हॉटेलात कामाला आहे. त्याच्या मते खॅक आता दोन जातींचे. एक पट्टायाचा: खोली दोघांची, माणसं पाच, न्याहारीच्या टेबलावरून दुपारची केळी खिशात. दुसरा लग्नाचा: हुआ हिन नाहीतर फुकेतला अख्खं हॉटेल घेतो, आचारी आपले आणतो, नवरदेवासाठी हत्ती मागवतो आणि टिप देताना नोट बघत नाही. पहिल्याला बघून भाचा लपतो, दुसऱ्याला बघून पंजाबी गाण्यावर नाचतो. हा एकच माणूस वेगवेगळ्या महिन्यांत आलेला असू शकतो, असं मी त्याला सुचवलं. तो बराच वेळ विचारात पडला.

कर्तबगारीनं मत बदलावं म्हणून मी एकदा प्रयत्न करून पाहिला. २०१८ मध्ये थाम लुआंगच्या गुहेत फुटबॉलवाली मुलं अडकली, तेव्हा पाणी उपसायच्या कामात आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सची तज्ज्ञ मंडळीही गेली होती. सांगलीकडचे पंप काय चीज आहेत, हे मी मावशींना हातवारे करून समजावलं. “आम्ही टीव्हीवर रात्रंदिवस बघत होतो,” मावशी म्हणाल्या. “पाण्यात बुडी मारणारे फरांग दिसले. पंप नाही दिसला.”

तिकिटांचंही तसंच. बँकॉकच्या राजवाड्यात थाई माणूस फुकट आणि परका पाचशे बाथ. इतर ठिकाणी तर थाई लोकांचा दर थाई अंकांत लिहितात, म्हणजे परक्याला वाचता येऊ नये. याला नावं ठेवायची सोय नाही, कारण अजिंठ्याला आपण चाळीस रुपयांत शिरतो आणि परदेशी माणूस सहाशे मोजतो. पण त्यात एक मेख आहे. थायलंड भारतासोबत बिम्स्टेक या देशांच्या गटात असल्यामुळे थाई माणसाला अजिंठ्याला आपल्याच दराचं तिकीट मिळतं. तिकडे तो घरचा. इकडे आम्ही फरांगांच्या रांगेत, आणि तेवढ्या एका रांगेत मात्र आमची गोऱ्यांशी पूर्ण बरोबरी.

बरोबरीवरून ॲना आठवली. थाई माणसाला कुठल्या एका फरांगाचा मनापासून राग असेल तर ॲना लिओनोवेन्सचा. १८६२ साली राजा मोंगकुटच्या मुलांना शिकवायला आलेली ही बाई पाच वर्षं राहिली आणि मग तिनं पुस्तकं लिहून राजाला जगापुढे अर्धरानटी जुलमी करून ठेवलं. मोंगकुट गादीवर येण्यापूर्वी सत्तावीस वर्षं भिक्षू होता, लॅटिन शिकला होता, ग्रहणाचं गणित मांडायचा. हॉलिवूडनं १९५६ मध्ये त्याला टक्कल करून नाचवला, १९९९ मध्ये पुन्हा सिनेमा काढला. थायलंडनं दोन्हींवर बंदी घातली. ॲना स्वतःला वेल्समध्ये जन्मलेली म्हणवायची. प्रत्यक्षात ती १८३१ साली आपल्या अहमदनगरला जन्मली, आई बहुधा अँग्लो-इंडियन, लग्न पुण्यात लावलेलं. सिंगापूर सोडेपर्यंत तिनं आपला सगळा पूर्वेतिहास धुऊन काढला आणि चाओ फ्रायाच्या धक्क्यावर अस्सल फरांग म्हणून उतरली. आमच्यापैकी तेवढं एकीलाच जमलं.

हे मी मावशींना सांगितलं, तेव्हा त्यांनी गॅस बारीक केला.

“नगर कुठे आलं?”

“पुण्यापासून सव्वाशे किलोमीटर.”

“म्हणजे ती तुमची,” मावशी म्हणाल्या. “मग घेऊन जा की परत.”

ती १९१५ साली माँट्रियलला वारली, तिकडेच पुरली आहे, असं मी सांगितलं. मावशींना ती सबब पटली नाही. त्या दिवशी भातावर अंडं आलं नाही, आणि पैसे देताना ‘खुन’ म्हणाल्या.