डॉक्टर, मूळ नाव लिहा

सर्दी, खोकला, अंगात कणकण. डॉक्टरांसमोर दोन मिनिटं बसलं की हातात चिठ्ठी येते. तापाची गोळी, अँटिबायोटिकचा कोर्स, त्याने जळजळ होऊ नये म्हणून गॅसची गोळी, खोकल्याची बाटली, वर ताकदीच्या कॅप्सूल. साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि अँटिबायोटिक चालतं जिवाणूंवर. म्हणजे तो कोर्सही नको होता आणि त्याच्यापायी आलेली गॅसची गोळीही. हे डॉक्टरांना पक्कं ठाऊक असतं. काही पेशंटच ‘पावरफुल’ औषध मागतात, हे खरं. पण नाही म्हणायला शिकलेला माणूस टेबलाच्या पलीकडेच बसलेला असतो ना?

सर्दीचं बिल एकदाच बसतं. बीपी-शुगरवाल्याचं दर महिन्याला, जन्मभर. टेलमिसार्टन, मेटफॉर्मिन ही औषधांची मूळ नावं. त्या एकेका नावाखाली बाजारात कितीतरी ब्रँड आहेत आणि त्यांच्या किमतींत काही पटींचा फरक आहे. त्यातला कोणता घ्यायचा हे डॉक्टर ठरवतात, पैसे पेशंट मोजतो.

केमिस्ट स्वस्तातला देईल म्हणाल, तर नियम आडवा येतो. औषध नियमावलीतल्या ६५व्या नियमाप्रमाणे शेड्यूल एचमधलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणारं, जे औषध लिहिलेलं आहे तेच द्यायचं. घटक तोच असला तरी दुसरं नाही. हा नियम बदलायलाच हवा. पण नुसता तेवढाच बदलला, तर ज्या पट्टीत नफा जास्त तीच दुकानदार पुढे करेल. ‘जेनेरिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पट्टीवरही कित्येकदा छापील किंमत फुगवलेली असते. त्यावर घसघशीत सूट देऊनही दुकानदाराला भरपूर उरतं. म्हणून छापील किमतीलाही लगाम हवा. आज आवश्यक औषधांची कमाल किंमत सरकार ठरवतं, पण २०१३च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार ती बाजारातल्या ब्रँडांच्या सरासरीवरून ठरते. औषध बनवायला खर्च किती आला, हे त्यात धरलंच जात नाही.

ब्रँडची नावं हळूहळू हटवा, असं औषध उद्योगासाठी सरकारने नेमलेल्या हाथी समितीने १९७५ साली सांगितलं होतं. मूळ नाव सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहा, असं मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्ये सांगितलं. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ते सक्तीचं केलं, डॉक्टरांच्या संघटना उठल्या आणि त्याच महिन्यात नियमांना स्थगिती मिळाली.

डॉक्टर विचारतात, जेनेरिकच्या दर्जाची हमी कोण देणार? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर औषध प्रशासनाने प्रयोगशाळा वाढवून, अहवाल उघड करून द्यायला हवं. पण मग ब्रँडची तरी हमी कोण देतं? घरातली पट्टी उलटून बघा. ‘उत्पादक’ म्हणून एका कंपनीचं नाव आणि ‘विक्रेता’ म्हणून दुसरीचं, असं पुष्कळदा आढळेल. मोठं नाव ज्याचं, गोळी त्याच्याच कारखान्यात बनलेली असते असं नाही. मोठ्या नावाचे पैसे मात्र आपण देतो.

पुढच्या वेळी चिठ्ठी हातात घेण्याआधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: यातलं कोणतं औषध टाळता येईल? आणि उरलेल्यांची मूळ नावं लिहून द्याल का?