पीटर महाराजांच्या सेवेशी एका पर्यटकाचा तक्रार अर्ज

प्रति,
श्री. पीटर अलेक्सेयेविच रोमानोव्ह ऊर्फ पीटर द ग्रेट,
संस्थापक, सेंट पीटर्सबर्ग.
सध्या मुक्काम : पीटर-पॉल किल्ल्यातलं चर्च, शहर तेच.

विषय : आपण वसवलेल्या शहरात पर्यटकांची होणारी गैरसोय.

महाराज,

वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, १७०३ साली नेवा नदीच्या मुखाशी शहर वसवताना आपण पर्यटकांचा विचार केलेला दिसत नाही. स्वीडनकडून नुकतीच जिंकलेली दलदल आणि वरचेवर येणारे पूर, अशी ही जागा. १८२४ साली पाणी चार मीटरांच्या वर चढलं आणि पूर अडवणारा बांध पुरा व्हायला २०११ साल उजाडलं. दिरंगाईबद्दल आम्ही काही बोलत नाही. आमच्याकडेही धरणं आहेत.

तक्रार पहिली, पुलांची. आपल्याला पूल नकोसे होते. प्रजेने होड्या चालवायला शिकावं असा आपला आग्रह. त्यामुळे नेवावर पहिला कायमचा पूल झाला तो १८५० साली. आता पूल पुष्कळ आहेत, पण जहाजांच्या हंगामात मध्यरात्री एकनंतर ते उचलले जातात. पॅलेस ब्रिज वर जाताना टाळ्या पिटणारी आमची मंडळी थोड्या वेळाने विचारतात, ‘आपलं हॉटेल कुठल्या तीरावर हो?’ मेट्रो तोवर बंद झालेली असते. हॉटेल पलीकडे निघालं, तर पहाटेपर्यंत नेवादर्शन फुकट.

तक्रार दुसरी, मेट्रोची. आपल्या चिखलाखालचा टणक थर गाठायचा म्हणून स्टेशनं पाताळात न्यावी लागली. अॅडमिरल्तेयस्काया स्टेशन ८६ मीटर खोल आहे. ग्रुपमधल्या काकूंची सरकत्या जिन्यावर निम्मी रामरक्षा म्हणून होते.

तक्रार तिसरी, हर्मिटाज संग्रहालयाची. १७६४ साली आपल्या नातसूनबाई कॅथरीन यांनी चित्रांचा संग्रह सुरू केला. आज तिथे तीस लाखांहून अधिक वस्तू आहेत. टूरच्या कागदावर वेळ दिलाय दोन तास, त्यातच स्वच्छतागृह आणि ग्रुप फोटो. उंदरांच्या बंदोबस्तासाठी तळघरात मांजरं पाळली आहेत. एवढी मोठी वास्तू निवांत भोगणारी तेवढीच.

एका गोष्टीबद्दल मात्र आभार. जूनमध्ये इथे सूर्य रात्री दहानंतर मावळतो. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम असलेल्या आमच्या जैन सहप्रवाशांची एवढी सोय जगात फार थोड्या शहरांनी केली असेल.

शिवाय, कुन्स्टकामेरा या आपल्या संग्रहालयात लोकांनी यावं म्हणून आपण तिकीट तर ठेवलं नाहीच, उलट येणाऱ्याला पेयपानही करवत होतात, असं सांगतात. ती योजना आता बंद आहे. पुनर्विचार व्हावा.

आता मुख्य मुद्दा. गाइडबाई जागोजागी सांगत होत्या, ‘हे पीटरने बांधलं.’ आपली उंची दोन मीटर, हॉलंडला जाऊन आपण जहाजबांधणी शिकलात, सगळं मान्य. तरी एवढं शहर एकट्याने बांधलंत हे ऐकून आम्ही चाट पडलो. चौकशीअंती कळलं की आपण प्रामुख्याने फर्मानं बांधलीत. देशभरातून दरवर्षी हजारो शेतकरी वेठीला धरून आणले, कैदी आणले. १७१४ साली बाकीच्या रशियात दगडी बांधकामावर बंदी घातली, म्हणजे गवंड्यांना इथे येण्यावाचून गत्यंतर राहू नये. शहरात येणाऱ्या गाड्यांना आणि जहाजांना दगड आणण्याची सक्ती केली. थंडी, चिखल आणि आजार यांची सोय जागेवरच होती. किती माणसं मेली यावर इतिहासकारांचं अजून एकमत नाही. मोजणीचं फर्मान बहुधा राहून गेलं असावं.

आपला घोड्यावरचा पुतळा नदीकाठी आहे, आपल्याच नावाच्या संत पीटरचं नाव शहराला आहे. १९१४ ते १९९१ या काळात ते आधी पेट्रोग्राद, मग लेनिनग्राद झालं, पण अखेर जुनंच नाव परत आलं. वेठबिगारांच्या नावांवर मात्र असा नामांतराचा प्रसंग कधी आला नाही, कारण ती फारशी कुणाला ठाऊकच नाहीत.

सबब विनंती की, गाइडने ‘पीटरने बांधलं’ म्हटल्यावर ‘कुणाच्या हातांनी?’ एवढं विचारायची पर्यटकांना मुभा असावी. आपली परवानगी येईपर्यंत थांबण्याचं कारण नाही, हे या पत्राच्या वाचकांनीही ध्यानात घ्यावं आणि तिथे गेल्यावर खुशाल विचारावं.

कळावे,
आपला,
टूरबरोबर आलेला एक प्रवासी