दुर्मिळ पक्षी हमखास पाहा (तो नसला तरी)

पाऊस ओसरला की कोकणच्या किनाऱ्यावर तुतवार, चिखले उतरू लागतात. नवशिक्यांनी हाच मुहूर्त धरावा. ठिकाण : अलिबागजवळचं आक्षी. सुरूचं बन, लांबलचक पुळण, ऑक्टोबरचं ऊन.

१. भरतीची वेळ आधी काढा. तिथीची पाऊणपट करा, दशमीला साडेसात. ओहोटीला पोचलात तर पक्षी पार पाण्याच्या कडेला गेलेले असतात आणि तिथून ते फक्त श्रद्धेने ओळखता येतात. भरती त्यांना तुमच्या पुढ्यात आणून सोडते. नेमका तेव्हाच कुणीतरी थव्यातून मोटारसायकल घालतो. त्याच्याकडे पाहून हसा. तोही निसर्गप्रेमीच आहे.

२. ६०० मिलिमीटरची लेन्स घ्या. पक्षी ओळखता नाही आला तरी चालेल, दुसऱ्याची लेन्स ओळखता आली पाहिजे.

३. आता सँड प्लोव्हर. धाकटा आणि थोरला, दोघेही मातकट, दोघेही चार पावलं पळून थबकणारे. थोरल्याची चोच लांब, पायही लांब. कोणापेक्षा, हे विचारू नका. त्यासाठी धाकटा शेजारी उभा लागतो आणि तो उभा राहत नाही. ओळख पटवणारा छातीवरचा तांबूस पट्टा बहुतेकांनी येतानाच उतरवलेला असतो. शिवाय मध्यंतरी अभ्यासकांनी धाकट्याचेही सैबेरियन आणि तिबेटी असे दोन केले. ज्यांनी दोन्हीकडचे पाहिले होते, त्यांच्या यादीत घरबसल्या एकाची भर पडली. तुम्ही उशिरा जन्मलात, त्याला इलाज नाही.

४. समोर शेकड्यांनी असेल तो तिबेटी. हिमालयापलीकडे पिल्लं वाढवून आलाय, मान्य. पण तो गेल्या रविवारीही होता. ‘कॉमन’ म्हणा आणि पुढे चला.

५. दुर्मिळ म्हणजे ग्रेट नॉट, जगभरात धोक्यात आलेला. तो दिसेल अशी शंका येताच आधी ओरडा, मग दुर्बीण लावा. तोवर थवा उडालेला असेल. ‘गेला!’ हे ठामपणे म्हणा. कॅमेऱ्यात आलेल्या करड्या ठिपक्याला रेकॉर्ड शॉट म्हणतात. तो ई-बर्डवर चढवा. तपासनीस अतिशय नम्रपणे आणखी तपशील मागतील. खचू नका, ‘उजेड कमी होता’ असं लिहा. भर दुपार असली तरी.

आणि घड्याळ पाहा. मांडव्याची शेवटची बोट कुणासाठी थांबत नाही, ग्रेट नॉटसाठीही नाही.