घरपट्टीसाठी घराचे चित्र चालेल का?

प्रति,
मा. आयकॉन पिकर प्लगइन,
मुक्काम वर्डप्रेस, पोस्ट डॅशबोर्ड.

अर्जदार : मौजे उमापूर, ता. गेवराई, जि. बीड.
विषय : चित्रे पुरवल्याबद्दल आभार, व किरकोळ तक्रारी.

महोदय,

अर्जदार गावाचे संकेतस्थळ उद्या नव्याने उभे करायचे झाले, तर ते करून देणारा पोरगा सर्वांत आधी आपली प्रतिष्ठापना करील, याबद्दल गावाला शंका नाही. मजकूर काय, सावकाश येतो.

आपल्या पोतडीत बहुधा फॉन्ट ऑसम हा बटणांवरच्या छोट्या चित्रांचा संच असतो. डेव्ह गँडी यांनी तो २०१२ साली आणला. त्याच्या मोफत भागात बर्फ हटवणारा ट्रक आहे, इग्लू आहे, स्लेजगाडीही आहे. उमापूरकडे बर्फ दिसतो तो रसवंतीवर. मात्र ज्याच्या जोरावर बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला साखर कारखान्यांची वाट धरतात, तो कोयता त्या मोफत भागात नाही. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजेच ‘एक कोयता’. कात्री आहे, तीच चालवून घ्या, असे आपण म्हणाल.

बरे, शोधावे कसे? आपल्या चौकटीत ‘पाणीपट्टी’ लिहिले की उत्तर शून्य, कारण चित्रांची नावे इंग्रजीत. तेव्हा पोरगा आपल्या अंदाजाने नळ लावतो, ते ठीकच. घरपट्टीला तो घर लावतो. नमुना ८ च्या उताऱ्यालाही घरच, कारण तोही घराचाच. आणि मुखपृष्ठावर परत नेणारे बटण? तेही घर! कर भरायला आलेला माणूस मुखपृष्ठावर, आणि मुखपृष्ठ शोधणारा थकबाकीत.

चित्रावर भरवसा ठेवायची सवय या देशाला आपण लावलेली नाही, हेही अदबीने सांगायला हवे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत साक्षरता जेमतेम १८ टक्के होती. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि तिच्यावर त्याचे चिन्ह. पुढे एम. एस. सेठी या रेखाटनकारांनी निवडणूक आयोगासाठी पेन्सिलीने चिन्हांमागून चिन्हे काढली. आज अपक्षांसाठीच्या मुक्त चिन्हांत संगणकाचा माऊस आणि पेनड्राइव्हसुद्धा सापडतात. आपले कूळ जुने आहे, महोदय.

आणि त्या कुळाची फजिती अर्जदाराने जवळून पाहिली आहे. २०२४ च्या लोकसभेला शरद पवारांच्या पक्षाचे चिन्ह होते ‘तुतारी वाजवणारा माणूस’. त्याच यंत्रावर काही मतदारसंघांत अपक्षाला मिळाले वाद्य, नुसते; लोक त्याला पिपाणी म्हणू लागले. बीडमध्ये त्या पक्षाचे बजरंग सोनवणे निवडून आले ते ६,५५३ मतांनी, आणि पिपाणीला पडली ५४,८५०. साताऱ्यात त्याच पक्षाचे शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले. तिथल्या पिपाणीची मते ३७,०६२. ही सगळी मते चुकून पडली, असे कोणी छातीठोकपणे सांगू नये. पण बोटभर चौकटीतली दोन चित्रे एकाच घराण्यातली असली की काय होऊ शकते, हे निकालाच्या रात्री पारावर पुरते कळले होते.

अंधांचे तर विचारूच नका. पोरग्याने बटणावर नुसते चित्र ठेवले, मागे नाव लिहिले नाही, तर मोबाइलचा पडदा वाचून दाखवणारा टॉकबॅक बहुधा ‘बटण’ एवढेच म्हणून गप्प बसतो. आपण चित्र निवडायला शेकडो चौकटी देता. नाव लिहायला एक सक्तीची चौकट देता आली असती. सरकारी संकेतस्थळांच्या मार्गदर्शक सूचनांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. सुगम्यता तिच्यातही आहे, फक्त पोरग्याच्या दरपत्रकात नाही.

सबब विनंती, की प्रत्येक चित्राखाली ठळक मराठी नाव असावे आणि एक चित्र दोन कामांना लावता येऊ नये. सहा चित्रांसाठी अख्खा संच गावच्या रेंजवर उतरवायला लावू नये, हेही जाता जाता.

कळावे, लोभ असावा.

ता. क. : आवृत्ती बदलणार असाल तर आधी कळवावे. डिसेंबर २०१७ मध्ये फॉन्ट ऑसमची पाचवी आवृत्ती आली, चित्रांची कितीतरी नावे बदलली आणि नुसता संच बदलणाऱ्यांच्या पानांवर चित्रांऐवजी कोऱ्या चौकटी उरल्या. कोरी चौकट दिसली की गावकरी थेट ग्रामपंचायतीत येऊन विचारतो, आणि ग्रामपंचायत अधिकारी त्या दिवशी दुसऱ्या गावाच्या अतिरिक्त कार्यभारावर असतात.