शेवटची पायरी

आमच्या भाच्याने कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कॉम्पटिया ए प्लस परीक्षेचे दोन्ही पेपर पास केले. पहिल्याला ९०० पैकी ६७५ लागतात, दुसऱ्याला ७००. व्हायरसवालं मशीन आधी नेटवर्कपासून तोडायचं, मग साफ करायचं, हे त्याला पाढ्यासारखं पाठ.

परवा अण्णांच्या लॅपटॉपवर लाल पडदा आला, भोंगा वाजू लागला आणि हुकूम सुटला : कॉम्प्युटर बंद करू नका, या नंबरवर फोन करा. अण्णांनी केला. ‘एवढं ओरडतंय म्हणजे सरकारीच असणार!’ खरा अँटिव्हायरस बिचारा कोपऱ्यात छोटा चौकोन दाखवतो. त्याला आपण ‘नंतर आठवण करून द्या’ म्हणून वर्षानुवर्षं हाकलतो. आमच्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, असं मायक्रोसॉफ्ट सांगते खरी, पण भोंगा न वाजवता. कोण ऐकणार?

पलीकडच्याने रिमोटचं ॲप उतरवायला सांगितलं. सुदैवाने अण्णांना चष्मा सापडेना.

भाचा आला. टास्क मॅनेजरमधून त्याने ब्राउझर बंद केला, भोंगा गप्प. व्हायरस नव्हताच, नुसतं एक वेबपान होतं. ‘एवढंच?’ अण्णांचा विरसच झाला. ‘तो तर १५ हजार म्हणत होता. जास्त शिकलेला वाटला.’

अभ्यासक्रमातल्या व्हायरस-सफाईची शेवटची पायरी : वापरणाऱ्याला समजावून सांगा. भाच्याने पाऊण तास समजावलं. अण्णांनी मान डोलावली.

‘ते ठीक रे. पण त्याला नको म्हणून कळवायला हवं ना? वाट बघत असेल. नंबर कुठे गेला तो?’