मलिद्याचे आबा

मराठीत ‘मलिदा’ हा शब्द कानावर पडला की टेंडर, टेबलाखालचा हात आणि चौकशी समिती एवढेच डोळ्यांपुढे येते; रायगडच्या किनाऱ्यावरून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायली या ज्यू समाजात मात्र मलिदा म्हणजे भिजवलेल्या पोह्यांत साखर, नारळ, वेलदोडा आणि सुकामेवा घालून, भोवती पाच प्रकारची फळे मांडून सजवलेले ताट, जे एलियाहू हनवी या संदेष्ट्याच्या नावाने नवस फेडताना किंवा लग्नाआधी प्रार्थनेसाठी ठेवले जाते. (त्याला नैवेद्य म्हणण्याचा मोह होतो, पण तसे म्हटल्यास आबा रागावतील.)

१९४८ नंतर अश्दोद, दिमोना, रामले अशा गावांत स्थिरावलेल्या या मंडळींत प्रत्येक मलिद्यामागे एक आबा असतातच. मराठीत आबा म्हणजे कोणीही वडीलधारा आणि हिब्रूत आबा म्हणजे बाप, त्यामुळे अख्खी इमारत एकाच गृहस्थांना आबा म्हणून हाक मारते हे पाहून मोरोक्कोहून आलेला शेजारी बराच काळ त्यांच्याकडे निराळ्याच आदराने बघत असतो. आबांचे आडनाव नवगावकर, पेणकर, रोहेकर असे काहीतरी असते. ज्या गावाचे नाव ते मिरवतात ते त्यांनी पाचव्या वर्षी सोडलेले असले, तरी तिथल्या पोह्यांविषयी त्यांचे मत अंतिम असते.

आबा स्वयंपाक करत नाहीत. ते स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसतात. पोहे निथळायला रोवळी, म्हणजे तांदूळ धुण्याची बांबूची टोपली, हवी असा त्यांचा आग्रह असतो आणि बायको ते काम पास्त्याच्या चाळणीत उरकत असते. पोहे बोटांत चेपून ते ‘चिखल झाला’ म्हणतात, दहा मिनिटांनी तेच पोहे ‘कोरडे राहिले’ असा निवाडा देतात, आणि या दोन्ही निष्कर्षांच्या मधल्या काळात बायकोने पोह्यांना हातही लावलेला नसतो. नारळ ओलाच हवा, तोही डोळ्यांदेखत फोडलेला. पाकिटातल्या सुक्या किसाला ते ‘लाकडाचा भुसा’ म्हणतात. केळी वेलची जातीची नसल्यामुळे ती फळांत मोजावीत की नाहीत याचीही चर्चा होते. गंमत अशी की खजूर आणि संत्री यांबाबत इस्रायलने कोकणाला केव्हाच मागे टाकले आहे, पण त्या मुद्द्यावर आबांना अचानक ऐकू कमी येते.

परदेशातील तांदळाच्या पदार्थांना असा एक पहारेकरी बहुधा लागतोच. टोमॅटोत शिजवलेला जोलोफ भात खरा कोणाचा, यावर लंडनमधले नायजेरियन आणि घानाचे लोक हिरिरीने भांडतात; आबांची अडचण एवढीच की भांडायला त्यांच्यासमोर दुसरा देश नाही, त्यामुळे घरातल्यांवरच भागवावे लागते. प्रार्थना संपून ताट फिरले की ते ‘ठीक आहे’ म्हणतात, दुसऱ्यांदा वाढून घेतात आणि उरलेला मलिदा डब्यात भरून ठेवायला सांगतात.

अलिबागजवळच्या खंडाळे गावात एका खडकावर एलियाहू हनवीच्या रथाच्या खुणा उमटल्या आहेत अशी या समाजाची श्रद्धा असून त्या जागेला ‘टापा’ म्हणतात. आबा उतारवयात एकदा तिथे जातात. सामानात दोन किलो मेदजूल खजूर असतात, कारण अलिबागच्या बाजारातल्या खजुरावर मलिदा काही नीट होणार नाही, याबद्दल त्यांची खात्री झालेली असते.