कळीचे नारद

गिंपमध्ये चित्राचा एखादा भाग निवडावा, ती निवडीची चौकट जराशी डावीकडे घ्यावी म्हणून ऑल्ट दाबून माउस ओढावा, तर चौकट राहते तिथेच आणि अख्खं गिंप डावीकडे चालू लागतं. ब्लेंडरवाल्यांची तीच गत. कडांची पूर्ण रांग एका फटक्यात निवडायला तिथे ऑल्ट-क्लिक लागतं, आणि लिनक्सवरच्या कित्येक विंडो मॅनेजरांनी खिडक्या ओढण्यासाठी ऑल्टवर आधीच हक्क सांगितलेला असतो. नवशिक्याला वाटतं माउस बिघडला. मुरलेल्याला काहीच वाटत नाही.

यात बिघडलेलं काही नसतं. आपण दाबलेली कळ प्रोग्रामच्या हाती पडते ती सगळ्यात शेवटी. जुन्या वाड्यात सुनेच्या नावाचं पत्र आधी सासूबाईंकडे जायचं आणि त्यांनी वाचून फडताळात टाकलं, तर पत्र आलं होतं याचाही सुनेला पत्ता लागत नसे. लिनक्सवर पडदा आणि कळा सांभाळणाऱ्या एक्स-इलेव्हनमध्ये हेच चालतं. विंडो मॅनेजर सुरू होतानाच दाराशी सांगून ठेवतो की अमुक अमुक कळा दाबल्या की थेट मला कळवायचं. मागाहून दुसऱ्या कुणी तीच कळ मागितली, तर त्याच्या हातावर ‘बॅड ॲक्सेस’ ठेवून वाटेला लावतात. त्याच्या जागी आलेल्या नव्या वेलँडने तर भांडणच मिटवलं: सगळं टपाल मुळात सासूबाईंच्याच पत्त्यावर! सुनेला काही हवं असेल तर तिने रीतसर अर्ज करावा. अशा अर्जाची सोय त्यात खरोखरच आहे, मंजुरी अर्थात सासूबाईंची.

सगळ्यात रंगलेलं भांडण कंट्रोल-ऑल्ट-एलचं. इंटेलिजे या कोड-एडिटरमध्ये ही कळ कोड नीटनेटका करते. उबंटूच्या युनिटी डेस्कटॉपवर हीच कळ स्क्रीनला कुलूप लावायची. एल म्हणजे लॉक, हे कोण खोडून काढणार? साहेबांना दाखवण्याआधी गबाळ्या कोडवरून एक हात फिरवावा म्हणून कळ दाबावी, तर कोड गायब आणि समोर पासवर्डची चौकट. पासवर्ड देऊन आत यावं, तर कोड होता तस्साच गबाळा. बोटांना सवयच ती, ती पुन्हा तेच दाबतात. तोवर साहेब पाठीमागे येऊन उभे. त्यांना काय दिसतं? आपण आलो की हा माणूस घाईघाईने स्क्रीन लॉक करतो!

विंडोजवाल्यांनी हसू नये. त्यांच्याकडे बरीच वर्षं काही ग्राफिक्स ड्रायव्हर कंट्रोल-ऑल्ट आणि बाण दाबला की अख्खा पडदाच फिरवून देत. इंटेलिजेत कंट्रोल-ऑल्ट-डावा बाण म्हणजे ‘मघाशी होतास तिथे परत जा’. परत जायला निघालेला माणूस मान खांद्यावर टाकून डिस्प्ले सेटिंग्ज शोधतोय, हे दृश्य ज्या ऑफिसात घडलं नाही तिथे काम होत असेल असं मला वाटत नाही.

टर्मिनल म्हणजे या वाड्यातले पणजोबा. त्यांच्या टेलिटाइपच्या जमान्यात कंट्रोल-एस म्हणजे ‘थांब’ आणि कंट्रोल-क्यू म्हणजे ‘चालू दे’. आज कुणी सेव्ह करायच्या सवयीने कंट्रोल-एस दाबलं की पणजोबा मौन धरतात. कितीही बडवा, अक्षर उमटत नाही. कंट्रोल-क्यू दाबली की मौन सुटतं आणि वैतागून बडवलेलं सगळं भडाभडा बाहेर येतं, शिव्यांसकट. हीच कंट्रोल-क्यू लिनक्सवरच्या फायरफॉक्सला मात्र घरी पाठवते.

मराठी लिहिणाऱ्याचं नशीब आणखी थोर. भाषा बदलायला कंट्रोल-शिफ्ट नेमून दिलं, तर एक्स-इलेव्हनवर भाषा बदलते ती कळा दाबताक्षणी, सोडल्यावर नव्हे. टर्मिनलमध्ये पेस्ट करायला लागते कंट्रोल-शिफ्ट-व्ही. म्हणजे व्हीपर्यंत पोचायच्या आतच मराठी सुरू! मग आपण भोळेपणाने फायलींची यादी मागायला एल-एस टाइप करतो. इन्स्क्रिप्टवर एलला ‘त’ आणि एसला एक मात्रा, त्यामुळे पडद्यावर उमटतं ‘ते’. बॅश तत्परतेने कळवतो, ‘ते: कमांड नॉट फाउंड’. ते म्हणजे कोण, कुठले, काही विचारपूस नाही. सी-डी लिहावं तर पाय मोडलेला ‘म्’ तेवढा हाती लागतो.

सेटिंग्जमध्ये जाऊन बदला की, असं सगळे सांगतात. बदलता येतं, हे खरं. आय-थ्री नावाचा विंडो मॅनेजर तर पहिल्यांदा सुरू होतानाच अदबीने विचारतो, ऑल्ट वापरू की विंडोज की? पण आपल्या मशीनवर बदललेली कळ दुसऱ्याच्या मशीनवर बदललेली नसते, आणि बोटांची समजूत घालायची सोय कुठल्याच सेटिंग्जमध्ये नाही.

वास्तविक विंडोज की 1994 साली मायक्रोसॉफ्टच्या नॅचरल कीबोर्डवर आली, तेव्हापासून प्रोग्रामांच्या लेखी ती बऱ्यापैकी रिकामीच बसून असते. लिनक्सवाले तिला सुपर म्हणतात. ग्नोम डेस्कटॉपने शहाणपणाने खिडक्या ओढायचं काम तिच्याकडे दिलं. एक्सएफसीईने मात्र वर्षानुवर्षं ऑल्ट सोडली नाही. तेव्हा विंडो मॅनेजर लिहिणाऱ्या मायबापहो, सुपर की सगळीच्या सगळी तुमची. तिच्यावर खिडक्या उघडा, मिटा, नाचवा, आम्ही ब्र काढणार नाही. ऑल्ट तेवढी आमच्या प्रोग्रामांना सोडा.